पूजेला बसलेले पेपर

त्या हवालदाराचं नाव मी इथे लिहिणार नाही. भीतीनं नव्हे. नाव छापून आलं की माणसं मोठी होतात, आणि त्याला मोठं करायची माझी बिलकूल इच्छा नाही. त्याला हवालदार म्हटलं की पुरे. आमच्या फाट्यावर त्या काळात हवालदार म्हटलं की तोच, दुसरा कोणी डोळ्यांसमोर यायचा नाही.

आमचा फाटा हातखंब्याच्या अलीकडे. गावातला रस्ता उतरत येतो आणि हायवेला मिळतो. तिथे रिक्षांची रांग, एक चहाची टपरी, एक पंक्चरवाला आणि एक मोठं वडाचं झाड. माझे बाबा त्या रांगेत रिक्षा लावायचे. शतक नुकतंच पालटलं होतं. रत्नागिरीच्या कॉलेजात शिकता शिकता मी एका युवक संघटनेची पत्रकं लिहायचे. एसटीची भाडेवाढ, रॉकेलचा काळाबाजार, होस्टेलातलं पाणी, विषय काहीही असो, पत्रक माझं. आम्हाला तिथे शिकवलं होतं, की मागणी एकच ठेवायची, अक्षर मोठं ठेवायचं आणि दोषी कोण ते पहिल्या ओळीत सांगायचं. तीच सवय मला अजून आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. दोषी तो हवालदार.

तुम्ही म्हणाल, रिक्षावाले काय धुतल्या तांदळाचे? नाहीत. तिघांच्या जागी पाच बसवतात. ड्रायव्हरशेजारी अर्ध्या ढुंगणावर बसलेल्या माणसाला आमच्याकडे फ्रंट सीट म्हणतात आणि पकडायला ती सगळ्यात सोपी. त्यासाठी पावती फाडली तर आमचा कोणी रडत नव्हता. शिव्या देत होता, ते वेगळं. विमा दर वर्षी वाढायचा, बाबा दर वर्षी कुरकुरत भरायचे आणि एजंटाला विचारायचे, "मी आजवर कुणाला धक्का दिला नाय, मग माझा का वाढतो?" एजंट म्हणायचा, "दुसऱ्यांनी दिला ना, काका." बाबा नोटा पुन्हा एकदा मोजून त्याच्या हातात ठेवायचे.

पण ही गोष्ट फ्रंट सीटची नव्हे. खंडेनवमीची आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजतात. कोयता, कुदळ, विळे, आईचं शिवणयंत्र. रिक्षा घरात आल्यापासून रिक्षाही. सकाळी विहिरीवर नेऊन धुवायची, झेंडूचा हार, आंब्याच्या पानांचा टाळ, चाकाखाली लिंबू. शिवाय आमच्या फाट्यावरच्या रिक्षावाल्यांची एक जास्तीची रीत होती, ती दुसरीकडे मी पाहिली नाही. गाडीचे पेपर पाटावर मांडून देवापुढे ठेवायचे. आरसी बुक, परमिट, विमा, ड्रायव्हरचं लायसन, छातीवरचा बॅच, सगळं. बाबा म्हणायचे, "पेपर नसतील तर गाडी म्हणजे नुसता पत्रा. मग पत्र्याची पूजा करायची आणि पेपर पिशवीत कोंबून ठेवायचे, हा कुठला न्याय?" पेपरांवर हळद-कुंकू पडायचं, अक्षता पडायच्या, आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. त्या दिवशी गाडी बाहेर काढायचीच नसते, तेव्हा पेपर लागतात कशाला!

हे सगळ्या फाट्याला ठाऊक होतं. हवालदारालाही. तो काही घाटावरून आलेला नव्हता, कोकणातलाच होता. आणि खंडेनवमीला तो न चुकता सकाळपासून वडाखाली उभा असायचा. आम्हाला वाटायचं, सणाचा बंदोबस्त. बंदोबस्त कसला! त्या दिवशी जी रिक्षा अडीनडीला बाहेर पडेल तिच्यात पेपर नसणार, हे त्याला माहीत होतं. जाळं कुठे लावायचं ते त्याला आमच्या देवानंच सांगितलं होतं म्हणा ना.

त्या वर्षी आभाळ भरून आलं होतं. वरच्या वाडीतल्या काकीचं भात आदल्या दिवशी कापून मळ्यात पडलेलं होतं. विळे पूजेत, म्हणून कापणी बंद. पण कापलेलं भिजू कसं द्यायचं? काकी आणि तिची जाऊ भारे आवरायला गेल्या. एका पेंढीखाली फुरसं होतं. काकीच्या उजव्या हाताच्या बोटाला चावलं.

तिला घेऊन माणसं आमच्या अंगणात आली तेव्हा पूजा होऊन थोडाच वेळ झाला होता. बाबांनी काकीचा हात पाहिला. वाकून चाकाखालचं लिंबू काढलं. आई म्हणाली, "अहो, पेपर?"

"देवाजवळचं हलवू नको. सिव्हिलला सोडतो नि येतो."

मागे काकी, तिची जाऊ आणि मी. तिघी. नियमाप्रमाणे बरोबर तिघी, हे लक्षात ठेवा. काकीच्या बोटातून रक्त थांबत नव्हतं आणि ती मात्र जावेला सांगत होती, "वरच्या बांधाजवळचे भारे रायले गो, ते कुणाला तरी सांग."

फाट्यावर हवालदाराचा हात आडवा आला.

"पेपर."

"साहेब, फुरसं चावलंय हिला. सिव्हिलला नेतोय."

"दिसतंय मला. पेपर काढ."

"घरी आहेत साहेब. देवाजवळ. आज खंडेनवमी ना."

"लायसन?"

"ते पण."

"बॅच?"

"तो पण तिथंच."

"इन्शुरन्स तरी भरलायस काय?"

"याच आठवड्यात भरला, साहेब. नवा कोरा आहे."

"म्हणजे सगळं देवाजवळ. मग देवच चालवतो वाटतं गाडी. त्याला घेऊन ये, त्याच्यावर केस करतो."

चहाच्या टपरीवर कोणी तरी हसलं. कोण ते मी पाहून ठेवलं आहे.

काकीनं पदरात गुंडाळलेला हात बाहेर काढून त्याच्या तोंडासमोर धरला. "अरे मेल्या, आधी हा हात बघ, मग देवाला बोलाव!"

हात बघून तो थोडा मागे सरला. माणुसकी आली असं कोणाला वाटत असेल तर थांबा. त्यानं रत्नागिरीकडे चाललेली एक जीप अडवली, काकीला आणि तिच्या जावेला तिच्यात बसवलं आणि रिक्षाची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. पुढे महिनाभर हा माणूस टपरीवर सांगत होता, "त्या बाईला गाडी मी करून दिली." जीप येईपर्यंत काकी रस्त्याच्या कडेला बसून होती. समोर आमची रिक्षा उभी होती, हार घातलेली, पेट्रोल भरलेली. किती वेळ गेला ते मी सांगत नाही, कारण मला मोजायचं भान नव्हतं.

काकी वाचली. बरेच दिवस सिव्हिलला होती. बोट राहिलं, पण काळं पडून ताठ झालं, ते वाकत नाही. लवकर पोचली असती तर वाकलं असतं का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मला सांगता येतं.

दसऱ्याच्या दिवशी पूजा हलवून बाबा सगळे पेपर घेऊन त्याच्याकडे गेले. विम्याच्या कागदावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. त्यानं कागद हातातसुद्धा घेतला नाही. "लिहून गेलंय आता. विमा नसताना गाडी चालवली. कोर्टात दाखव." तोवर रिक्षा पोलीस ठाण्याच्या आवारात जमा होती, आणि तिथे रिव्हर्स घेणाऱ्या कुठल्या तरी ट्रकनं तिची एक बाजू चेपून हूड फाडून ठेवला होता. एजंटाला विचारलं तर तो म्हणाला, "काका, तुमचा थर्ड पार्टी. दुसऱ्याचं मोडलंत तर कंपनी देईल. तुमचं मोडलं तर तुमचं तुम्ही." म्हणजे भरलेला विमा पोलिसाला दिसत नाही आणि मोडलेली रिक्षा विम्याला दिसत नाही. ड्रायव्हर मात्र दोघांनाही लांबून दिसतो.

कोर्टात मी बाबांबरोबर गेले. आदल्या दिवशी घोकून घेतलं होतं, "बाबा, कबूल म्हणायचं नाही. विमा होता. तुम्ही पेपर दाखवा." बाबा मांडीवर पिशवी घेऊन बसले. पिशवीत पेपर. व्हरांड्यात आमच्यासारखी माणसं भरलेली. नाव पुकारलं जायचं, माणूस उभा राहायचा, "गुन्हा कबूल?" "कबूल." पुढचा.

आमच्या फाट्यावरचा सगळ्यात जुना रिक्षावाला सोबत आला होता. आम्ही त्याला मामा म्हणायचो. तो बाबांच्या कानाशी म्हणाला, "नाय म्हटलंस तर तारीख मिळेल. मग पुढची तारीख. रिक्षा तिकडे कुजतेय. आम्ही सगळे कबूलच म्हणतो. कबूल म्हणजे काय, घरी जायचा पास."

बाबांचं नाव पुकारलं. ते उभे राहिले. पिशवीच्या बंदावर त्यांचा हात होता.

"गुन्हा कबूल?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "कबूल."

पिशवी उघडलीच नाही.

ज्या माणसानं पोटाला चिमटा काढून दर वर्षी विमा भरला तो आता सरकारी दप्तरी बिनविम्याचा माणूस. आणि तेही स्वतःच्या तोंडानं. दंड भरला, रिक्षा सुटली, हूड नवा बसवला. सगळं जागेवर आलं, बाबा सोडून. खाकी रंग लांबून दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. होमगार्डलाही साहेब म्हणायला लागले. एकदा तर समोरून सायकलवर पोस्टमन येताना बघून त्यांनी रिक्षा बाजूला घेतली. पोस्टमन थांबून विचारतो, "काय झालं हो?" बाबा म्हणाले, "काय नाय, पेट्रोल बघत होतो." मी मागे बसले होते. मला पोस्टमनच्या सायकलखाली जीव द्यावासा वाटला. आणि तिथेच ठरवलं, की हे फेडायचं. व्याजासकट.

पहिलं पत्रक मी त्या आठवड्यात लिहिलं. "खाकी गुंडगिरीचा धिक्कार असो!" इथून सुरुवात आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. मामानं टपरीवर ते मोठ्यानं वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "बाय, वाचताना मला वाटलं सरकार पडलं. पण फाट्यावर काय करायचं ते यात कुठे लिहिलंस?"

कुठेच लिहिलं नव्हतं. हवालदाराला कोणी तरी त्यातलं एक नेऊन दिलं. त्यानं त्यात भजी गुंडाळून खाल्ली.

वर्ष गेलं. नवरात्र बसलं तसा फाट्यावर विषय निघाला. एक म्हणाला, यंदा पेपर पूजेला ठेवायचेच नाहीत, खिशात ठेवू. मामा भडकला. "त्याच्यासाठी आपण रीत मोडायची? म्हणजे देवसुद्धा त्याच्याच हुकुमानं पुजायचा!" मी घरी येऊन हे आईला सांगितलं. आई पोहे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पूजा घरातच करायची असं कुणी सांगितलंय?"

एवढंच. बाकी सगळं आम्ही जुळवलं, पण मूळ तिचं.

त्या खंडेनवमीला सकाळी फाट्यावरच्या सगळ्या रिक्षा वडाखाली येऊन उभ्या राहिल्या. हायवे सोडून, मातीत, तोंडं रस्त्याकडे. प्रत्येक रिक्षासमोर पाट, पाटावर पेपर, पेपरांवर फुलं. घरोघरच्या बायका ताटं घेऊन आल्या. एकच रिक्षा बाजूला मोकळी ठेवली होती, सगळ्या पेपरांसकट, कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर. ती अट मी घातली होती. काकी ताठ बोटाचा हात घेऊन सगळ्यात पुढे. बाबा मात्र आमच्या रिक्षाच्या मागे उभे होते, हार नीट करायचं निमित्त करून.

हवालदार मोटारसायकलवरून आला. मोटारसायकल वडाला लावली, टोपी नीट केली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. रस्त्यावर ट्रक होते, एसटी होती, पण त्याचं सावज कुठेच नव्हतं. सावज सगळं त्याच्या पाठीमागे हार घालून बसलं होतं. तो मधेच वळून बघायचा. कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं.

मग काकी ताट घेऊन पुढे झाली. "साहेब, तुमची पण गाडी पुजूया ना. एवढ्या सगळ्यांत तिलाच का उपाशी ठेवायची?"

तो खूश झाला. खरंच खूश झाला! त्याला वाटलं, आम्ही शरण आलो. "करा, करा," म्हणाला. काकीनं मोटारसायकलला कुंकू लावलं, मामानं हार घातला, कोणी तरी चाकाखाली लिंबू सरकवलं. मग काकीनं एक रिकामा पाट मोटारसायकलसमोर मांडला.

"पेपर द्या साहेब," मामा म्हणाला.

"कसले?"

"गाडीचे. आमच्याकडे पेपराशिवाय पूजा लागत नाय."

त्यानं शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा. मग डिकी उघडून पुन्हा बंद केली. सगळ्या बायका ताटं धरून उभ्या, निरांजनं पेटलेली.

"घरी आहेत," तो म्हणाला.

"घरी कुठे?" काकीनं विचारलं. एवढ्या गोड आवाजात ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

त्यानं पुन्हा शर्टाचा खिसा चाचपला. त्याला काय म्हणावं लागणार हे त्याला कळलं होतं, आणि आम्हालाही.

"घरी कुठे, साहेब?"

"...देवाजवळ."

फाट्यावर जे हसणं उठलं ते हातखंब्यापर्यंत गेलं असेल. पंक्चरवाला मातीत बसला. मामा डोळे पुसत होता. आणि त्या गलक्यात बाबा रिक्षाच्या मागून बाहेर आले. हवालदारासमोर येऊन उभे राहिले. हसत नव्हते.

"लायसन?" बाबांनी विचारलं.

"ए, मस्ती आली काय रे तुला?"

"लायसन, साहेब?"

"अरे, तेही घरीच..."

"इन्शुरन्स?"

हवालदारानं लाथेनं लिंबू उडवलं आणि मोटारसायकलच्या हँडलला हात घातला. मामा लगेच म्हणाला, "बिनपेपरची गाडी हायवेवर काढताय? जपून हां. पुढे हवालदार असतात. जल्ला, एकेक असला बाराचा असतो!"

त्यानं हात काढला. जाऊन एसटीच्या थांब्यावर उभा राहिला. पहिली गाडी भरलेली होती, थांबली नाही. मला इतका आनंद पुढे पदवी मिळाली तेव्हाही झाला नाही. दुसरी गाडी यायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ तो उभा होता, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. मोटारसायकल दसऱ्यापर्यंत वडाखालीच राहिली. आम्ही तिला बोटही लावलं नाही. हार मात्र एका गाईनं खाल्ला.

नंतर काही शहाणी माणसं मला म्हणाली, त्याच्या घरीही पूजा असणार, त्याचे पेपर खरोखरच देवाजवळ असतील. असतील ना! मी कुठे नाही म्हणते? म्हणूनच तर राग जास्त. ज्याला ही रीत माहीत नाही त्यानं अडवलं असतं तर मी त्याला अडाणी म्हणून सोडलं असतं. हा स्वतःच्या घरी पाट मांडून, नमस्कार करून, आमच्यासाठी जाळं लावायला निघायचा. त्याला दया दाखवायला मला सांगू नका. काकीचं बोट वाकेल तेव्हा बघू.

दुसरं पत्रक मी त्याच आठवड्यात केलं. यात धिक्कार नव्हता, उद्गारचिन्ह एकही नव्हतं. वर लिहिलं, गेल्या खंडेनवमीला हवालदारानं रिक्षावाल्याला काय विचारलं आणि रिक्षावाल्यानं काय सांगितलं. खाली लिहिलं, या खंडेनवमीला रिक्षावाल्यानं हवालदाराला काय विचारलं आणि हवालदारानं काय सांगितलं. त्याखाली एक ओळ: पहिल्यावर केस झाली, दुसऱ्यावर कधी? रत्नागिरीला छापून घेतलं. गठ्ठा घरी आणला तर बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. मला वाटलं, चुलीत घालतात. त्यांनी तो रिक्षात ठेवला.

त्या दिवसापासून जो प्रवासी बसेल त्याला उतरताना सुट्ट्या पैशांबरोबर एक पत्रक. मास्तर, कोळीण, एजंट, कोणी सुटलं नाही. होमगार्डलाही दिलं, आणि त्याला साहेब न म्हणता दिलं. मग एका सकाळी ते भाडं नसताना रत्नागिरीला गेले. मामा बरोबर होता, म्हणून मला कळलं. बाबांनी कोर्टाच्या आवारात रिक्षा लावली, वर गेले आणि जिथे माणसं कबूल म्हणायची वाट बघत बसतात त्या व्हरांड्याच्या खांबाला खळ लावून पत्रक चिकटवलं. चांगलं चोळून चिकटवलं.

शिपाई धावत आला. "कोणी लावलं हे?"

बाकावरची माणसं खाली बघायला लागली.

"मी लावलं," बाबा म्हणाले.

"काढ ते. आत सांगितलं तर केस होईल तुझ्यावर."

"होऊ दे. नाव लिहून घ्या." आणि बाबांनी नाव सांगितलं, वडलांच्या नावासकट, गावासकट, रिक्षाच्या नंबरासकट.

शिपायानं काही लिहून घेतलं नाही. नखानं खरवडून त्यानं ते पत्रक फाडलं आणि तुकडे खाली टाकले. बाबा जिना उतरले आणि रिक्षातून दुसरं घेऊन आले.